द्राक्षाच्या बिया आणि काकूचं इंजेक्शन

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मॅडमनी सेमिनारचे विषय वाटले. माझ्या वाट्याला आला तो विषय मी घरी कधीच पूर्ण सांगितला नाही : वनस्पतींमधली पॉलिफिनॉल्स आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी. त्यातला एक शब्द आई-काकूंसमोर माझ्या तोंडातून निघत नसे. घरात त्या आजाराला नुसतं ‘गाठ’ म्हणत. काकूची गाठ गणपतीच्या आधी काढली होती आणि आता तिची इंजेक्शनं चालू होती. विषय बदलून मागावा असं फार वाटलं. पण आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. असं काही मागता येतं, हेच मला माहीत नव्हतं.

द्वारका चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत बसून मी शोधनिबंधांचे सारांश छापून आणायचो. चहाला, डाळिंबाच्या सालीला, द्राक्षाच्या बीला तुरटपणा येतो तो ज्या द्रव्यांमुळे, ती पॉलिफिनॉल्स, एवढं समजलं होतं. पहिल्याच निबंधात द्राक्षातल्या अशा एका द्रव्याने काचेच्या थाळीतल्या कर्करोगाच्या पेशी मेल्या होत्या. मला एवढा आनंद झाला की मी तो सारांश दोनदा छापून घेतला. दुसऱ्या निबंधात तेच द्रव्य अगदी थोडं घातलं तर काही पेशी उलट वाढल्या होत्या, कारण त्या पेशींना ते बायकांच्या शरीरातल्या संप्रेरकासारखं वाटतं म्हणे. जास्त घातलं की मग मरत. तिसऱ्यात लिहिलं होतं की खाल्ल्यावर हे द्रव्य मुळात आहे तसं रक्तात फारसं राहतच नाही. आतडी आणि यकृत त्याचं रूप बदलतात, आणि ही बदललेली रूपं तेच काम करतात का, हे अजून पाहायचं आहे. ‘अजून पाहायचं आहे’ हे जवळजवळ प्रत्येक निबंधाच्या शेवटी असे. आधी मला वाटायचं, मोठी माणसं नम्रपणाने तसं लिहीत असतील.

काका अंबडला कारखान्यात कामाला होते. एका संध्याकाळी ते द्राक्षाच्या बियांच्या अर्काच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आले. दारातल्या ओट्यावर काकू आणि आई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

“आमच्या कारखान्यातला एक जण म्हणतो, त्याच्या मेव्हणीला लय फरक पडला. इंजेक्शनाची गरजच नाय राहत,” काका मला म्हणाले. “तू तर ह्याच्यावरच शिकतोय ना? मरतात का त्या गाठीच्या पेशी?”

“मरतात. पण थाळीत.”

“आन् पोटात?”

“पोटात ते द्रव्य बदलतं.”

“बदलतं म्हंजी नासतं का?” काकूने विचारलं.

“नासत नाही. रूप बदलतं.”

“सरळ सांग ना रे,” आई वैतागली. “कॉलेजात बी असंच बोलता का?”

मी आतून दुसऱ्या निबंधाचा कागद आणला. द्रव्य वाढवत नेलं की पेशी किती होतात, त्याचा आलेख त्यावर होता. काकांना कारखान्यात यंत्रांचे असे कागद रोज बघायची सवय. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. “ही बघ, इथून पुढं खाली उतरती. म्हंजी जास्त घ्यायची. बाटलीवर दोन लिहिल्यात, आपण सहा देऊ.”

त्यांचं बोट उतारावर होतं. त्याच्या डावीकडे रेघ वर चढत होती, ते मी दाखवलं. पण सहा गोळ्या घेतल्यावर काकू चढावर असेल की उतारावर, हे मला सांगता येईना. थाळीतलं माप माणसाच्या अंगाला कसं लावायचं, ते कुठेच सापडलं नव्हतं.

इंजेक्शनांनी काकूचं तोंड आतून सोललं होतं. पाणीसुद्धा झोंबायचं. मेथीच्या वासाने मळमळायचं, तरी ती जुड्या बांधायला बसायची. ती म्हणाली, “बाकी राहू दे. परवाच्या इंजेक्शनाला जायचं का नाय, तेवढं सांग. मला तर नाय जायचं.”

सगळे माझ्याकडे बघत होते.

“मला नाही माहीत,” मी म्हणालो. “डॉक्टरांना विचारू.”

“घ्या! शिकून शिकून डॉक्टरलाच विचारायचं,” काका म्हणाले.

ठरलेल्या दिवशी काकू काकांबरोबर आणि माझ्याबरोबर दवाखान्यात आली, पण फक्त विचारायला. इंजेक्शन घेणार नाही, असं तिने रिक्षातच बजावून ठेवलं. डॉक्टरांनी बाटली फिरवून पाहिली, माझे कागदही चाळले. हसतील असं वाटलं होतं. “हे इंजेक्शनाला मदत करेल की त्याच्या आड येईल, मलाही सांगता येत नाही,” ते म्हणाले. “म्हणून सध्या नको. इंजेक्शनाचं तसं नाही. ते बायकांना देऊन, वर्षानुवर्षं बघून ठरवलेलं आहे.” मग काकूला विचारलं, “हे म्हणतात, तुम्हाला इंजेक्शन नको आहे. का बरं?”

तिने तोंड उघडून दाखवलं.

“अहो, हे मागच्या वेळी का नाही बोललात?”

“मला वाटलं, असंच असतं.”

“असं होतं, पण त्याच्यावर औषध आहे. मळमळीचीही गोळी बदलू.”

बाहेर आम्ही तिघं बाकावर बसलो. काकू मला म्हणाली, “ती बाटलीतली गोळी वाईट हाय का?”

“माहीत नाही.”

“मग चांगली हाय?”

“तेही नाही माहीत, काकू.”

“दोन वर्सं काय करत व्हता रं मग?” ती हसायला गेली आणि तोंड दुखलं म्हणून थांबली. “तुला बी नाय माहीत, डॉक्टरला बी नाय माहीत. पण त्याला निदान इंजेक्शनाचं तरी माहीत हाय.”

आतून सिस्टरनी हाक मारली. मला वाटलं, आता ती घरी चला म्हणेल. तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. “तुम्ही दोघं च्या पिऊन या,” ती काकांना म्हणाली, “मला येळ लागंल,” आणि पदर सावरत आत गेली.