निकेशभाऊने ठेवलेले मेसेज

निकेशभाऊला पोहता येत नव्हतं. खैरबोडीच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष, ढिवराच्या घरचा, बाप जन्मभर छातीएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं ओढत आलेला, आणि हा तलावाच्या मातीच्या पाळीवरून चार पावलं खाली उतरायचं तर पँट दोन्ही हातांनी वर धरायचा. पोहता न येण्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या अब्बांना सायकल येत नाही. पण अब्बा सायकलवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष नाहीत.

या संस्थेत मी दोन वर्षं ऑपरेटर होते. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर लागले आणि आठच्या दिवाळीनंतर सोडलं. गोंडपिपरीहून सकाळच्या काळीपिवळी जीपने खैरबोडीला जायचं, मासोळी मोजायच्या शेडला लागून असलेली खोली उघडायची, कम्प्युटरवरचं फडकं काढायचं. कम्प्युटर कुठल्याशा योजनेतून आला होता आणि तेव्हाच म्हातारा होता. सभासद एकशे अठरा. त्यांची नावं, तलावात सोडलेलं मत्स्यबीज, निघालेली मासोळी, एवढंच काम. उरलेला वेळ निकेशभाऊचा.

निकेशभाऊ बारावी शिकला होता, चंद्रपूरच्या वसतिगृहात राहून. गावात त्याच्या वयाचा तेवढा शिकलेला दुसरा कोणी नव्हता, म्हणून अध्यक्ष तो. दिसायला बरा, बोलायला गोड. पांढरा शर्ट घालायचा तोही पातळ कापडाचा, म्हणजे वरच्या खिशातल्या मोबाइलचा उजेड बाहेर दिसेल. मेसेज आला की समोरचा माणूस बोलत असला तरी हा पंजा वर करायचा. माणूस थांबायचा. मग हा फोन काढून, डोळ्यांपासून लांब धरून वाचायचा आणि म्हणायचा, "साहेबाचा हाय."

साहेब म्हणजे चंद्रपूरला बंगला असलेला एक पुढारी. त्यांच्या ऑफिसातून हजारो लोकांना सणासुदीला मेसेज जायचे. आपणास व आपल्या परिवारास पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. शेडमधल्या लोकांना ती अक्षरं येत नव्हती. कोणी विचारलं, "का म्हनते साहेब?" तर निकेशभाऊ सांगायचा, "इचारून राह्यले, खैरबोडीत सगळं बरं हाय ना म्हणून."

मी तिथेच, दोन हातांवर. स्क्रीन मला दिसत होती. खोटं बोलायला माणसाला काहीतरी कारण लागतं असं मला तोवर वाटायचं.

माझा भाऊ मुबीन चंद्रपूरच्या गोलबाजारात चपला विकतो. एकदा मी त्याच्या फोनवर तोच पोळ्याचा मेसेज पाहिला. परिवारचं परवार झालं होतं, ती चूकही तीच. दुसऱ्या दिवशी मी निकेशभाऊला सांगितलं.

"त्याले चुकून गेला असन," म्हणाला.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत खिडकीशी आला. "इकरा, मुबीनले राखीचा आला होता का?"

"आला होता."

"पंधरा ऑगस्टचा?"

"तोही."

त्याने बराच विचार केला. "मंग त्याची बी साहेबासंग वळख असन. सांगत नसन तुले."

फोनमध्ये मेसेज मावायचे नाहीत. म्हणून दर शनिवारी फोन वायरने कम्प्युटरला जोडून सगळे मेसेज आत ओढून घ्यायचे, आणि फोन रिकामा करायचा, हे माझं काम. आलेला एकही मेसेज पुसू द्यायचा नाही. "रेकॉर्ड हाय," म्हणायचा. मासोळीच्या वजनाचं रेकॉर्ड महिना महिना कोरं राहायचं, त्याचं काही नाही.

आठ सालच्या सप्टेंबरात कम्प्युटर भरला. सभासदांच्या विम्याचे अर्ज आले होते, प्रत्येकाचा फोटो आत घालायचा होता. तीस फोटो झाले आणि एकतिसाव्याला जागा नाही असं म्हणून कम्प्युटर अडला. मी शोधून काढलं काय ते. निकेशभाऊच्या सत्काराचा व्हिडिओ होता, तीन सीड्यांचा. फोटोग्राफरला हार घालतानाचं नीट मिळालं नाही म्हणून तोच हार त्याच माणसाने तीनदा घातला होता, आणि तिन्ही वेळा निकेशभाऊ नव्याने लाजला होता.

"हा काढला तर सगळे सभासद बसतील," मी म्हटलं. "सीडी तर आहेच तुमच्याकडे."

"व्हिडिओले हात लावू नको. मेसेज उडव. दोन वर्षांचे हायेत, त्याइनंच भरला असन."

"भाऊ, सगळे मेसेज मिळून एका गाण्याएवढेही नाहीत."

"आठ हजार हायेत!"

"आठ हजार आहेत, पण वजन नाही त्यांना. बंडी ओझ्याने बसली म्हणून बैलाच्या पाठीवरची माशी हाकलल्यासारखं होईल."

त्याने विचारलं, "अध्यक्ष कोन हाय?"

मग आम्ही माशा हाकलायला बसलो. दोन दिवस. मी वाचायचं, त्याने खुर्चीत मागे रेलून निकाल द्यायचा. ठेव. उडव. साहेबांचे सगळे ठेव. एका सभापतीचा चुकून आलेला, 'गाडी पाठव' एवढाच, तोही ठेव. मोबाइल कंपनीचा, प्रिय ग्राहक आपले अभिनंदन, ठेव. मी म्हटलं, भाऊ, हा रिचार्जचा आहे. म्हणाला, "अभिनंदन लिवलं हाय ना?"

मग त्याच्या बायकोचे आले. रंभाबाई. तिनेही कोणाकडून तरी इंग्रजी अक्षरं शिकून घेतली होती. भात झाकून ठेवला. पोरीले ताप हाय, कुठी हा तुमी. पोरीले गोंडपिपरीले घेऊन चालली. सलाईन लावली, तुमचा फोन लागून नाई राह्यला. हा शेवटचा वाचताना माझा आवाज खाली गेला. निकेशभाऊचा जबडा क्षणभर थांबला. तेवढंच. त्याने खर्रा दुसऱ्या गालात घेतला आणि म्हणाला, "घरचे एकदमच उडव. वाचत नको बसू."

आणि दुसऱ्या दिवशी डोमाचे आले.

डोमा म्हणजे साठीचा ढिवर, तलावातून पाणी सोडायच्या मोरीजवळच त्याचं घर. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. त्याची सून भाग्यश्री आठवी शिकलेली, ती लिहायची. असे पाच मेसेज होते. पहिला जूनच्या अकरा तारखेचा. भाऊ, मोरीपाशी पाळ झिरपून राह्यली, एकदा येऊन पाहा. दुसरा जूनच्या शेवटी. भाऊ, झिरा वाढला. तिसरा जुलैत. आता भोकात हात जाते, आमी माती टाकून राह्यलो, रेतीचे पोते पाठवा. चौथा, पोते नाई आले. पाचवा चौदा ऑगस्टचा, पहाटेचा. भाऊ पाळ गेली.

त्याच्याच खाली दुसऱ्या सकाळचा साहेबांचा होता, स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छांचा.

पाळ फुटली तेव्हा अख्ख्या वर्षाचं मत्स्यबीज नाल्याने वाहून गेलं होतं. खालच्या धानाच्या बांध्यांमध्ये मासोळ्या तडफडत होत्या आणि पोरं त्या टोपल्यांनी वेचत होती. निकेशभाऊ दुपारी आला, उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मले कोनी सांगतलंच नाई." डोमाने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिखलात वाकला. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, खरंच सांगितलं नसेल.

आता पाचही मेसेज मी त्याला मोठ्याने वाचून दाखवले. पाचही उघडून वाचलेले होते. निकेशभाऊ खिडकीबाहेर बघत होता.

"उडव."

"भाऊ, हे राहू द्या. उद्या कोणी विचारलं तर..."

"ठेवून का मासोळ्या वापस येतेत का?"

मी उडवले. बोट माझंच होतं. नोकरी गेली असती तर घरी अब्बांच्या मशीनवर काज-बटण करत बसावं लागलं असतं, एवढंच भय. उपाशी मरणार नव्हते. तरी उडवले. निकेशभाऊबद्दल मी इतकं बोलतेय म्हणून हेही सांगून ठेवते.

साहेबांचे दोनशे सत्त्याऐंशी राहिले, शिवाय सभापतीचा आणि अभिनंदनाचे. बाकी सगळं गेलं. एवढं करून जागा झाली ती आठ फोटोंची. एकोणचाळिसाव्या सभासदाला कम्प्युटर पुन्हा अडला. मी निकेशभाऊला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "मशीनच बेकार हाय." पुढचे अर्ज मी गोंडपिपरीच्या कॅफेत बसून भरले.

ऑक्टोबरात लोकांनी निकेशभाऊला धरलं. पाळ बांधून पाहिजे, नाहीतर पुढचं सालही कोरडं जाणार. निकेशभाऊ म्हणाला, साहेबाले भेटतो, साहेब आपल्या शब्दाबाहेर नाई. मग त्याने मला ते दोनशे सत्त्याऐंशी मेसेज छापायला लावले. प्रिंटरची शाई संपली तेव्हा शेवटची पानं फिकट निघाली. एक प्लास्टिकची फाइल आणली, पानं लावली, वर संस्थेचा शिक्का मारला. आणि बंगल्यात कागद काढून द्यायला कोणीतरी पाहिजे म्हणून मला बरोबर घेतलं.

चंद्रपूरला बसने गेलो. बंगल्याबाहेर लांब बाक होता, त्यावर वीसेक माणसं. दीड तास बसलो. निकेशभाऊने दोनदा शर्ट आत खोचला. मग साहेबांचा पीए बाहेर आला. तरुण होता, घाईत होता, पण उद्धट नव्हता, हे सांगायला हवं.

"कुठून आलात?"

"खैरबोडी. मी निकेश." आणि निकेशभाऊ ओळखीची वाट बघत हसला.

"काम?"

निकेशभाऊने हात मागे केला. मी फाइल दिली. पीएने दोन पानं उलटली, तिसरं उलटलं, मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"हे काय आहे?"

"साहेबाचे मेसेज. दोन वर्षांचे. मले आलेले."

"अहो, हे सगळ्यांनाच जातात. कम्प्युटर पाठवतो." त्याने बाकावरच्या माणसांकडे हात केला. "यांना विचारा."

बाकावरच्या एका म्हाताऱ्याने खिशातून फोन काढून दाखवलासुद्धा, विचारलं नसताना.

"काम सांगा," पीए म्हणाला.

निकेशभाऊने पाळीचं सांगितलं. पीएने ऐकून घेतलं, वहीत लिहिलं. "ठीक आहे. नुकसानीचा अर्ज करता येईल. फक्त तारखा लागतील. गळती केव्हा सुरू झाली, कोणी कळवलं, कसं कळवलं. लेखी काही आहे? पत्र, मेसेज, काहीही चालेल."

मी निकेशभाऊकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"नाई," तो म्हणाला.

"मग अवघड आहे," म्हणून पीएने फाइल परत दिली आणि पुढच्या माणसाकडे वळला.

परतीच्या बसमध्ये तो माझ्यापुढच्या सीटवर बसला. शेजारी मधल्या गावी उतरणारा कोणी होता. निकेशभाऊ त्याला सांगत होता, साहेबाच्या बंगल्यावरून येऊन राह्यलो, साहेब म्हनले जेवून जा, मीच म्हनलं, पुन्हा कवा. फाइल मांडीवर होती आणि तो तिच्यावर हळूहळू बोटं वाजवत होता. त्या माणसाला काही फरक पडत नव्हता. तो निम्मा झोपला होता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये लोक जमले. निकेशभाऊ म्हणाला, "साहेबानं शब्द देल्ला."

डोमा भिंतीला टेकून बसला होता. त्याने निकेशभाऊकडे मानही वळवली नाही. मला विचारलं, "बाई, तू गेलतीस ना? काय झालं?"

मी सांगितलं. बाकावर बसलो, आत कोणी घेतलं नाही, तारखा मागितल्या. तारखा डोमाच्या मेसेजात होत्या आणि ते मेसेज भाऊंच्या सांगण्यावरून मी पुसले, हेही सांगितलं. मला वाटलं आता शेडमध्ये काहीतरी होईल.

काही झालं नाही. एक बाई पदरात हसली. डोमाने विचारलं, "पाच मेसेज टाकले होते, पाचबी उडवले?"

"पाचही."

"बराबर हाय," डोमा म्हणाला. "वाचले असतील म्हनूनच उडवले." आणि लोकांकडे वळून, "सोमवारी घमेली घेऊन या. पाळ काई साहेब बांधणार नाई."

सोमवारपासून बारा दिवस लोकांनी माती वाहिली. रंभाबाईही होती, पोरगी काठावर बसवून. निकेशभाऊ तिसऱ्या दिवशी आला, पाळीवर उभा राहिला, मधे मधे बोट दाखवत राहिला. कोणी त्याला जा म्हणालं नाही, ये म्हणालं नाही. एका ढेकळाला चुकून पाय लागला तेव्हा त्याने बूट झटकला.

महिन्याअखेर मी नोकरी सोडली. त्याच आठवड्यात संस्थेची निवडणूक होती. मला वाटलं होतं, आता हा माणूस गेला. कळलं ते असं की अर्ज एकच आला होता, निकेशभाऊचा, आणि त्यावर सूचक म्हणून अंगठा होता डोमाचा.

माझ्या उरलेल्या पगाराच्या कागदावर सही घ्यायला गेले तेव्हा डोमा जाळं विणत बसला होता. मी रागाने विचारलं, "तुम्ही? तुम्ही काऊन अंगठा दिला?"

त्याने दोरा दातात धरून गाठ आवळली.

"बाई," तो म्हणाला, "ऑफिसात चकरा माराले कोनी तं पाह्यजे ना. आमाले काम असते. त्याले चकरा आवडते."