अक्काला सांगितलेला सिनेमा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो. ऐकून माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू द्या.

आमच्या बिदर जिल्ह्यातल्या मेहकरकडे एकेका घरात तीन-तीन भाषा नांदतात, पण सगळ्यांना सगळ्या येत नाहीत. म्हणून सिनेमा बघताना ज्याला भाषा कळते त्यानं शेजारच्याला सांगत राहायचं, ही रीतच. मी हैदराबादेत नोकरी केलेली, मला तेलुगू येते. अक्काला — माझ्या थोरल्या बहिणीला — येत नव्हती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आणि तिच्या किडन्या गेल्यावर आठवड्यातून दोनदा तिला बसनं बिदरला डायलिसिसला न्यायचं काम माझं.

दोन वर्षं नेलं. मग कंटाळलो. दुसरा गोड शब्द कशाला शोधू?

त्या दुपारी मोबाइलवर एक तेलुगू सिनेमा लावला. पोरं ज्याची पारायणं करतात तो — मरणावर औषध शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचा. प्रयोग करतो तो स्वतःच्याच आजारी बायकोवर. एका जागी ती नळ्या लावलेल्या अवस्थेत त्याचा हात धरते आणि काहीतरी म्हणते. अक्का जवळ सरकली.

"काय म्हणायलीय रं ती?"

"बास करा म्हणायलीय," मी म्हणालो. "सुखानं जाऊ द्या मला."

जीभ अडखळलीसुद्धा नाही. सोमवारी मी पिशवी भरायला घेतली, तर अक्का म्हणाली, "आता न्हाई येत मी." मी "कामून?" म्हणून विचारलं — उत्तर ठाऊक असून विचारलं. आणि खरं सांगू? मला हलकं वाटलं.

पाचव्या दिवशी तिचे पाय सुजले, धाप लागली. तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. "खरंच तसं म्हणली का रं ती बाई?"

अजून वेळ होता. फाट्यावर जीप उभी असते. मी म्हणालो, "व्हय, अक्का."

दहाव्या दिवशी ती गेली. गाव अजून म्हणतं, किती धीराची बाई, स्वतःचं स्वतः ठरवलं. मी मान हलवतो. मेलेल्या माणसाची इच्छा तपासायला कोण येतंय?

सिनेमातली ती बाई म्हणाली होती — थांबू नका, मला अजून जगायचंय.