कोचच्या घरातलं न बोलणं

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या शेजारी नव्वदी ओलांडलेल्या एक बाई राहायच्या. त्यांचे वडील इथल्या फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, सुरुवातीच्या काळातले. आधी खेळाडू, मग एका लहान कॉलेजचे कोच. तेव्हा खेळ चालू असताना कोचने बाहेरून काही सांगायचं नाही, असा नियम होता. बदली खेळाडू आत गेला तरी पहिला डाव, म्हणजे चेंडूची काही सेकंदांची एक झटापट, होईपर्यंत त्यानेही तोंड मिटून राहायचं. नाहीतर कोचचा निरोप पोचवेल.

बाई म्हणायच्या, वडील बाकावर बसायचे तसेच घरीही. आई गेली तेव्हा बाई शाळेत होत्या. वडील मैदानावरून आले, पलंगाशेजारी बसले आणि लेकीकडे बघत राहिले. आता काही बोलतील म्हणून ती थांबली. ते म्हातारे होऊन गेले, पण आईचा विषय कधी निघाला नाही.

बाई बरेच दिवस आजारी होत्या; या हिवाळ्यात त्यांनी उपचार थांबवले. मुलगा ॲरिझोनाहून आला. साठीचा, भला माणूस. आल्या आल्या त्याने दारातला बर्फ उपसला, गळका नळ बदलला. मी सूप घेऊन जायची.

एकदा बाईंनी मला विचारलं, "तुझ्याशी तरी बोलतो का गं तो?"

"नळाबद्दल बोलतो," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मला त्याच्याकडून एक वाक्य हवंय. कुठलंही चालेल."

मी सरळ गराजमध्ये गेले आणि त्याला सांगितलं, आईला अजून सगळं ऐकू येतं, जाऊन बोल. काय बोलू, म्हणाला. लहानपणचं काहीही, मी म्हटलं. तो आत गेला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. नंतर काही नाही. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाला, हीटरचा फिल्टर बदलायला झालाय.

दोन दिवसांनी पहाटे बाई गेल्या. तो जवळच होता. दुपारी माणसं येऊन त्यांना घेऊन गेली. मी चादरी काढायला खोलीत गेले, तर तो रिकाम्या पलंगाशी बसून बोलत होता. सहा वर्षांचा असताना आईबरोबर कामावर जायचं म्हणून तो गाडीच्या मागच्या सीटखाली लपला होता. तिने अर्ध्या रस्त्यात पाहिलं, पण गाडी वळवली नाही. दिवसभर त्याला टेबलाखाली बसवून घेतलं, स्वतःचं सँडविच दिलं. सँडविच कशाचं होतं, तेही त्याने सांगितलं.

मी दार ओढून घेतलं. चादरी दुसऱ्या दिवशी धुतल्या.