डॉक्टरांचं निवेदन आणि माझी मान

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मी मनाला लावून घेणारा माणूस नाही. माझ्या या एका मानेनं दहा डॉक्टरांना कसं गोत्यात आणलं, ते सांगतो. शाळा मी बाहेरूनच पाहिली, म्हणून मी बोलून राहिलो अन् नात लिहून राहिली.

मदन महल स्टेशनाजवळ डॉक्टरांच्या एका संस्थेचं कार्यालय होतं. आजार झाल्यावर दवा देणारे नव्हेत जी, आजार होऊच नये म्हणून खटपट करणारे! मी तिथं दार उघडायचो, चहा करायचो. अन् डॉक्टर निवेदनं बनवायचे. म्हणजे एखाद्या गोष्टीवर साऱ्यांचं मिळून म्हणणं काय, ते कागदावर. एकानं ओळ लिहायची, चौघांनी खोडायची.

त्यांत सगळ्यात लहान मृणाल मॅडम. तिथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या मराठी घरची, पण बोलता बोलता हिंदीत घसरायची. तिचं निवेदन दोनदा परत आलं होतं. अध्यक्ष साहेबांनी बजावलं, "आम आदमी की समझ में आना चाहिए. इस बार नहीं हुआ, तो काम किसी और को देंगे."

आम आदमी शोधायला ती कुठं जाणार? मीच समोर! रोज चार वाजता कागद घेऊन बसायची.

"काकाजी, तुम्ही ऐका. नाही समजलं तर बोला हं, शरमाऊ नका."

आता चार वाजता माझ्या गालात काय असायचं? खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना, मस्त घोटलेला. तोंड उघडलं की मॅडमच्या कागदावर शिंतोडे. मग काय करू? ओठ शिवून मान हलवायचो.

"हे समजलं?"

मान.

"कठीण तं नाही न?"

मान, या बाजूनं त्या बाजूला.

ऐकतो कोण? सारा जीव गालात! ही उठते कधी अन् मी मोरीपर्यंत पोचतो कधी! पाय एका जागी ठरत नव्हते.

"काकाजी, किती बेचैन होऊन राहिले तुम्ही! इतकं मनाला भिडलं?"

मी पुन्हा मान हलवली. चुकलंच!

तिनं साऱ्यांना सांगितलं, काकाजींना ओळ न् ओळ समजते. मग काय! दुसरे डॉक्टरही आपापले कागद घेऊन यायला लागले. कोणाचं पाण्यावर, कोणाचं मच्छरांवर. माझी मान हलली की कागद पास! घरी बायको म्हणे, "काहून इतके ऐटीत चालून राहिले?" म्हटलं, "डॉक्टरलोक मला विचारून लिहून राहिले!"

शेवटी मॅडमचं निवेदन पास करायच्या बैठकीचा दिवस आला. बरोबर चार वाजता. मी नुकताच खर्रा गालात सारला होता, तेवढ्यात बोलावणं.

अध्यक्ष साहेब म्हणाले, "काकाजी, मैडम ने क्या लिखा है? अपने शब्दों में बताइए."

मी मान हलवली.

"हाँ, पर लिखा क्या है?"

आणखी जोरात हलवली.

मृणाल मॅडमनं हात जोडले. "काकाजी, बोला न. एकच लाइन."

तिचे डोळे भरून आले होते. पोरीचं काम माझ्या तोंडात अडकलं होतं! थुंकावं तर खाली डॉक्टरांचा गालिचा. मग केलं काय? गिळला. अख्खा!

देवा रे! पंखा जागीच थांबला अन् खोली गरगर फिरली. घाम सुटला, उचक्या लागल्या. अध्यक्ष साहेब धावले, "मुँह खोलिए! खोलिए!"

उघडलं. दहा डॉक्टरांनी ओळीनं आत वाकून पाहिलं. दातांना अजून सुपारी अन् तंबाखू चिकटलेला!

मॅडमनं कपाळाला हात लावला. "काकाजी, हे निवेदन तंबाखूवरच आहे! दोन महिने तुम्हाला तेच वाचून दाखवून राहिले मी!"

"मॅडम," मी उचकी देत म्हटलं, "आता समजलं."

अध्यक्ष साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. निवेदन मॅडमकडेच राहिलं, फक्त तिला ते पुन्हा, सोपं करून लिहायला लावलं. अन् शेवटी एक ओळ वाढवली: ऐकणाऱ्यानं नुसती मान हलवली तर त्याला समजलं असं धरू नये, त्याला बोलतं करावं.

एवढं लिहून नात आत्ता विचारते, "आबा, बरोबर लिहिलं न मी?"

मी मान हलवली.

"आबा," ती म्हणते, "आधी तोंड उघडा."