ओहोटीतला बाप्तिस्मा

आमचं चर्च म्हणजे नालासोपाऱ्यात पिठाच्या गिरणीमागची भाड्याची खोली. मोजकी कुटुंबं, एक बाजाची पेटी, आणि गिरणी सुरू झाली की पाळकसाहेबांचा उपदेश निम्माच ऐकू यायचा. आजूबाजूच्या गावांतले कॅथलिक शेजारी आम्हाला 'बुडवे' म्हणायचे, कारण आमच्यात बाप्तिस्मा पाण्यात पूर्ण बुडवून होतो, तोही माणूस मोठा होऊन स्वतःच्या तोंडानं हो म्हणेल तेव्हाच. मी जाम चिडायची. बुडवे काय? आम्ही कुणाचं काय बुडवलं होतं?

अडचण घरातच होती. वडील नगरकडचे, दुसऱ्या चर्चच्या मंडळीतले. "तान्हा असताना माझ्या डोक्यावर पाणी शिंपडलंय. एकदा झालं ते झालं," असं ठणकावून सांगायचे. म्हणून ते आमच्या मंडळीचे सभासद नव्हते. प्रभुभोजनाच्या रविवारी फक्त सभासदांसाठीची भाकरीची थाळी आईपाशी थांबायची आणि वडलांना ओलांडून पुढं जायची. आईला तो घास गिळवत नसे. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या मागे लागलेली, पण ते ऐकतील तर शपथ!

आणि एका उन्हाळ्यात ते आपणहून म्हणाले, "चल, घेतो. त्या भाकरीच्या रविवारी तुझं तोंड बघवत नाही मला. पण हे एकदाच हं. काही बिनसलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

एरवी आमचे बाप्तिस्मे गासमधल्या एका शेतकऱ्याच्या बावखलात व्हायचे. त्या साली त्या तळ्यात नुसता चिखल उरला होता. मग कळंबचा समुद्र ठरला. पाळकसाहेब सोलापूरकडचे. समुद्र जागचा हलतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी एसटीची वेळ पाहून बाप्तिस्मा ठेवला.

आम्ही किनाऱ्यावर पोचलो तर समोर ओली वाळू आणि समुद्र पार तिकडे! मासळी वाळत घालणारी बाई खो खो हसली. "पानी गेला, बाय. आता दुपारशिवाय येत नाय."

वडलांनी पांढरा सदरा झटकला. "झालं! चला घरी."

मला रडूच फुटलं. आईनं मात्र पदर खोचला. "पाणी गेलंय ना? मग आपण जाऊ त्याच्याकडे." आणि त्यांचं मनगट धरून ती चालायलाच लागली. पाय रुतत होते, वडील कुरकुरत होते, मागून पेटी डोक्यावर घेऊन अख्खी मंडळी गात निघाली होती.

कितीही आत गेलो तरी पाणी गुडघ्याच्या वर येईना. शेवटी वडील खालीच बसले. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला, वडलांनी खणखणीत "हो" म्हटलं. त्यांना मागं निजवलं, डोकं गेलं, खांदे गेले, पण पोट काही बुडेना! पाळकसाहेब बावरले. अर्धा बाप्तिस्मा आमच्यात चालत नाही.

"थांबा," म्हणत आई साडीसकट पाण्यात बसली आणि दोन्ही हातांनी तिनं ते पोट खाली दाबलं. सगळ्या जन्माचा जोर लावून.

वडील खोकत, नाकातोंडातलं पाणी काढत वर आले. आईचे हात अजून त्यांच्या पोटावरच होते आणि ती हमसून हमसून रडत होती.

"अगं, सोड आता. बुडालो ना सगळा?"

"नाही सोडत," आई म्हणाली.