पोरं ज्याच्याकडं बघतील

दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या बायकांना फुटबॉलमधलं एवढंच कळायचं की, सामना असला की नवऱ्याचं जेवण झाकून ठेवायचं. गौतमीला त्याहून थोडं जास्त कळायचं. क्लबच्या जर्सींच्या पाठीवरचे आकडे तिच्याच मशीनवर शिवले जायचे, आणि तिचा नवरा नागसेन त्या क्लबचा दोन नंबरचा माणूस होता.

दोन नंबर हे तिचंच नाव. क्लबात असं पद नव्हतं. मॅनेजर होते सिद्दीकचाचा, लोको शेडमधले फिटर. नागसेन त्यांच्या मागं पाण्याचा कॅन घेऊन चालायचा, पंपानं बॉल भरायचा, लिंबं चिरायचा, आणि चाचा ग्राउंडवर आले की आपल्या खांद्यावरच्या पंच्यानं त्यांची लोखंडी खुर्ची पुसायचा. तो मूळचा भांडगावचा. रेल्वेत रूळ बदलणारा, डबे जोडणारा पॉइंट्समन म्हणून लागला तेव्हा अंगात रग होती, डावीकडून असा सुटायचा की मनमाड-सोलापूरच्या टीमा त्याच्यावर दोन-दोन माणसं लावायच्या. मग गुडघा गेला. दुसरा कुणी असता तर ग्राउंडाकडं फिरकला नसता. नागसेन दुसऱ्याच दिवशी काठी टेकत गेला आणि म्हणाला, "चाचा, काय काम असंल तर सांगा."

तेव्हापासून तो सांगितलेलं काम करत आला. आणि क्लब काही लहान नव्हता. आठ गावच्या टीमा त्याच्या कपासाठी यायच्या, कॉलनीत पोरगं चालायला लागलं की त्याला क्लबात घालायचं ठरलेलं असायचं.

सत्त्याण्णव साली उन्हाळ्याच्या तोंडाला सिद्दीकचाचा गेले. शेडमधून घरी आले, पायातले बूट काढले आणि तिथंच कलंडले. चाळिसावा झाला आणि नव्या मॅनेजरचा विषय निघाला.

या क्लबात मॅनेजर निवडायची रीत जगावेगळी होती. मत नाही, चिठ्ठी नाही, पंचायत नाही. मॅनेजरची जागा रिकामी झाली की एक सामना तसाच, मॅनेजरविना खेळायचा. खुर्ची नेहमीच्या जागी रिकामी ठेवायची. ज्यांना मॅनेजर व्हायचंय त्यांनी रेषेबाहेर अंतर ठेवून उभं राहायचं, पण ओरडायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. क्लबातले म्हातारे ग्राउंडच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या पायरीवर बसून फक्त पोरांच्या तोंडांकडं बघत राहायचे. आपल्यावर गोल झाला की खेळणारं पोरगं, मनात नसलं तरी, कुणाकडं तरी बघतं. जास्तीत जास्त पोरं ज्याच्याकडं बघतील, तो मॅनेजर.

"गोल मारल्यावर माणूस आभाळाकडं बघतो," रिटायर गार्ड हरिबाआबा सांगायचे, "आन् गोल खाल्ल्यावर बापाकडं. तवा आपण गोल खाल्ल्यावरची नजर धरायची."

या वेळी उभे राहणारे दोघंच होते. एक शिरूरचे सर्जेराव, रांजणगावच्या कंपन्यांना माणसं पुरवणारे. पोरांना नवे बूट देतो, नोकऱ्याही लावतो, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आणि दुसरा नागसेन, ज्याच्याकडं पोरांना द्यायला चिरलेल्या लिंबाशिवाय काही नव्हतं.

"तुमच्याकडंच बघतील," गौतमी त्याचा सदरा इस्त्री करताना म्हणाली. "इतकी वर्षं पाणी पाजलंय तुम्ही."

"पाणी पाजणाऱ्याकडं तहान लागल्यावर बघत्यात," नागसेन म्हणाला. पण सदरा घालून आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिला.

सामना रांजणगावच्या एका कंपनीच्या टीमशी होता. उन्हं कलली होती, ग्राउंडवर धुरळा उडत होता. बायका हापशाजवळच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांत गौतमी. रेषेपलीकडं मधे रिकामी खुर्ची, तिच्या एका बाजूला सर्जेराव, दुसऱ्या बाजूला नागसेन. दोघंही लग्नात फोटोला उभं राहावं तसे ताठ.

पहिल्या अर्ध्यातच गोल झाला. गोलकीपर शाकीर पडला, उठला, जाळीतून बॉल काढला आणि त्यानं मान वर केली. त्याच्याबरोबर सगळ्यांनीच केली. पोरं बघत होती, ना सर्जेरावांकडं ना नागसेनकडं. सगळी पोरं मधे, खुर्चीकडं बघत होती.

रिकाम्या वस्तूकडं माणूस बघतो ते वेगळं. त्यात नजर ठरत नाही, घसरते. ही पोरं ठरून बघत होती, शिव्या खाताना खाली घालायची तशी मान जराशी खाली घालून. मग शाकीरनं मान हलवली. समजलं, अशी. डाव्या बाजूच्या पोरानंही हलवली आणि तो न सांगता दहा पावलं पुढं सरकला. उजवीकडचा मागं आला. कुणी काही बोललं नव्हतं. ग्राउंडवर तेवढा वेळ इतकी शांतता होती की यार्डातल्या इंजिनाची धकधक ऐकू येत होती.

हापशाजवळची एक बाई पुटपुटली, "अगं माय, कुनाशी बोलाय लागलीत ही?"

पोरांनी मग दोन गोल मारले आणि सामना जिंकला. जिंकल्यावर मात्र आभाळाकडंच बघितलं.

सर्जेराव पान थुंकून म्हणाले, "आबा, जित्या माणसाशी मी कशीबी टक्कर घेईन. ह्यात मला धरू नका." आणि गाडीला किक मारून शिरूरच्या रस्त्याला लागले. ते परत कधी ग्राउंडवर दिसले नाहीत.

म्हाताऱ्यांनी आपसात डोकी जोडली. शेवटी हरिबाआबा म्हणाले, "रीत म्हंजी रीत. पोरांनी खुर्चीकडं बघितलं. तर जो खुर्चीत बसंल तो मॅनेजर. नागसेन, बसतोस का?"

नागसेननं खांद्यावरचा पंचा काढला, खुर्ची पुसली. पुसून झाल्यावर तो बाजूला सरून उभा राहिला, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो बसला.

गौतमीनं त्या रात्री शेवयाची खीर केली.

पहिले काही दिवस बरे गेले. कॉलनीतली माणसं "काय मॅनेजरसाहेब" म्हणून हाक मारायची. टीम जिंकत होती. पण नागसेन घरी आला की जेवायला भिंतीला पाठ लावून बसू लागला. आधी तो दाराजवळ वाऱ्याला बसायचा. गौतमीनं विचारलं तर म्हणाला, "कंबर दुखती."

मग एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "गौतमी, पोरं माझ्याकडं बघत न्हाईत."

"म्हंजी? ऐकत न्हाईत?"

"ऐकत्यात की. मी म्हणायच्या आधी ऐकत्यात." त्यानं घास खाली ठेवला. "पण मी बोलतोय आन् त्यांचे डोळे हिथं असत्यात." त्यानं आपल्या उजव्या खांद्याच्या वर, वीतभर मागं बोट दाखवलं. "मी वळून बघतो. कुणी नसतं."

"तुमचा आपला भास."

"तसंच असंल," तो म्हणाला.

पुढचा सामना शिरूरला होता. तिथं खुर्ची नव्हती, चाचा त्या ग्राउंडवर फारसे गेलेही नव्हते, म्हणून नागसेन जाताना जरा खुशीत होता. संध्याकाळी परत आला तो थेट भिंतीला पाठ लावून बसला. शेवटी सांगितलं, की आपण टेम्पोच्या पत्र्याला पाठ टेकून उभे होतो. मागं जागाच नव्हती. तरी पोरांनी गोल खाल्ला आणि त्याच्या खांद्यावरून, टेम्पोच्या पत्र्यातून, आरपार बघितलं. आणि माना हलवल्या.

"आन् तुम्ही काय केलंत?"

"मीबी वळलो. पत्रा हुता. त्याच्यावर हात लावून बघितला." नागसेन हसला, पण हसू तोंडावरच राहिलं. "गार लागला गं. भर उन्हात."

पुढच्या सामन्याला गौतमी हापशाजवळ थांबली नाही, सरळ रेषेपाशी गेली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. नागसेन पोरांना गोळा करून सांगत होता, तोंडावर घाम, हातात लिंबाची फोड. पोरं त्याच्यापुढं अर्धगोल करून उभी होती, सभ्य, शहाणी. आणि त्या सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी खिळले होते, तिच्या आणि नागसेनच्या मधल्या मोकळ्या जागेत. गौतमी एक पाऊल बाजूला सरली. कुणाला वाट द्यावी तशी. आपण असं का केलं हे तिला घरी येईपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर नागसेनला मागं वळून बघायची खोडच लागली. रस्त्यात, दुकानात, आंघोळीला बसलेला असताना. पॉइंट्समनला हे परवडणारं नाही. एका सकाळी यार्डात डबे जोडताना त्यानं मागं बघितलं, आणि मुकादमानं कॉलर धरून ओढला म्हणून वाचला. सदऱ्याची बाही तेवढी फाटली. गौतमी ती बाही शिवायला बसली आणि तिला दोरा सुईत ओवता येईना. तशीच उठली आणि जन्नतबीकडं गेली.

जन्नतबी, सिद्दीकचाचांची बायको, पडवीत लसूण सोलत बसली होती. गौतमीनं सगळं सांगितलं. ऐकताना जन्नतबीला नवल वाटलं असं काही दिसलं नाही.

"आमच्या वेळंला पीटर ड्रायव्हर हुता," ती म्हणाली. "चाचाच्या आधीचा मॅनेजर. तो मेला आन् हे बसले. तवा पोरं ह्यांच्याबी मागं बघायची. हेबी असंच वळायचे. मी ताईत बांधला, दर्ग्यात नेलं. काय झालं न्हाई."

"मग थांबलं कसं, चाची?"

"ह्यांनी मागं बघायचं सोडलं. एक दिवस मान म्हणून वळवली न्हाई. आन् पोरांची नजर अशी उतरली, ह्यांच्या तोंडावर." तिनं लसणाची पाकळी ताटात टाकली. "कुणी सांगितलंबी न्हवतं. आपल्या मनानंच."

गौतमीचा जीव भांड्यात पडला. "एवढंच ना? मग आजच सांगते त्यांना."

जन्नतबीनं तिचा हात धरला. लसणानं चिकट झालेला हात, पण पकड घट्ट होती.

"सांगू नगंस. आगं, वळून बघतोय तवर तो तुझा हाय."

"म्हंजी?"

"क्लबचं बरं झालं त्या दिवसापासनं. चाचाचंबी झालं. जेवायचे, झोपायचे, पोरींची लग्नं केली, मला कधी वंगाळ बोलले न्हाईत. ते गेले तवा सगळी कॉलनी रडली. मला रडू येईना, पोरी. मी म्हटलं, ह्यांना जाऊन तर लई वरसं झाली."

गौतमी घरी आली ती हे सगळं मनात घोळवत. म्हाताऱ्या बाईचं दुःख, ती स्वतःशी म्हणाली. चाचा क्लबपायी घरी लक्ष देत नसतील, कुठला पुरुष देतो? नागसेनचं तसं नाही. नागसेन म्हणजे घरातलं कुणी आजारी पडलं तर उशाशी बसणारा माणूस. तिनं आठ दिवस तोंड मिटून काढले. आठ दिवस तो कामावर निघाला की ती दाराशी उभी राहून त्याला गल्लीच्या वळणापर्यंत बघायची, आणि तेवढ्यात तो चार वेळा मागं वळायचा. तिच्याकडं नाही. खांद्याच्या वर, वीतभर.

नवव्या दिवशी डबा हातात देताना तिच्यानं राहवलं नाही.

"आहो, ऐका. मागं बघू नका."

"आं?"

"मुळीच बघू नका. ग्राउंडवर न्हाई, यार्डात न्हाई, कुठंच न्हाई. कितीबी वाटलं तरी. मग पोरं तुमच्याकडं बघतील."

नागसेननं तिच्या तोंडाकडं बघितलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, असं की जणू बऱ्याच दिवसांनी भेटतोय. "तुला कुणी सांगितलं?"

"मला वाटतं तसं."

"तू म्हणतीस तर बघतो करून," तो म्हणाला आणि निघाला. गल्लीच्या वळणापर्यंत तो ताठ चालत गेला. वळणावर त्याची मान थरथरली, तिला ते इतक्या लांबूनही दिसलं, पण वळली नाही. गौतमीला वाटलं, आता हाक मारावी. मारली नाही. वाचला माझा माणूस, असंच तिच्या मनात होतं.

रविवारी सामना होता. ती मुद्दाम गेली नाही. घरात बसून आकडे शिवत राहिली. ग्राउंडावरून ओरडा ऐकू आला, मग ती ओळखीची शांतता, मग पुन्हा ओरडा, आधीच्यापेक्षा मोठा.

दिवेलागणीला नागसेन आला. बूट काढले, हातपाय धुतले आणि दाराजवळ, वाऱ्याला, त्याच्या जुन्या जागेवर बसला. भिंतीला पाठ नाही. चेहरा असा निवळलेला की गौतमीला एकदम रडूच आलं. ती त्याच्यासमोर ताट ठेवून बसली.

"बघितलं पोरांनी," तो म्हणाला. "गोल झाला आन् माझी मान वळाय लागली, पण दाबून धरली. आन् बघितलं की गं. शाकीरनं बघितलं, सगळ्यांनी बघितलं. सरळ माझ्या डोळ्यांत. एकेकाला सांगितलं काय करायचं ते. तोंड उघडावं लागलं न्हाई."

"जेवा आता," गौतमी म्हणाली.

"असं वाटलं, इतकी वर्षं मी ग्राउंडवर हुतोच न्हाई. आज आलो."

तो बोलत होता, हसत होता, भाकरी मोडत होता. गौतमी डोळे पुसून त्याच्याकडं बघत होती आणि तिला काहीतरी खुपत होतं. ती जरा डावीकडं सरकली. नंतर उजवीकडं. त्याची नजर हलली नाही, तिच्या मागं एकाच जागी ठरलेली होती.

"माझ्याकडं बघा," ती म्हणाली.

"बघतोय की," नागसेन म्हणाला. मायेनं म्हणाला.

ती उठली. आवाज न करता आत गेली आणि चुलीजवळ भाताचं पातेलं धरून उभी राहिली. बाहेर नागसेन पुढच्या सामन्याचं सांगतच होता. सांगता सांगता थांबला. उत्तर द्यायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढाच थांबला. मग म्हणाला, "व्हय, ते बी खरं हाय म्हणा," आणि मनापासून हसला.