चौथ्या राउटरवरून आलेलं गाऱ्हाणं

भूत, देवचार, राखणदार... कोकणात जन्मून यांतलं काहीही न मानणारा प्राणी म्हणजे मी. कणकवलीत नेटवर्किंगची कामं करतो. कमांड दिली तर चालतं, नाही दिली तर चालत नाही – एवढाच माझा धर्म. तरीही हे लिहितोय.

आमचं गाव शिरोड्याच्या अलीकडे. गेल्या जत्रेला आमच्या दाजीकाकांना देवळात जाता येणार नव्हतं. कमरेचं हाड मोडलेलं आणि देवळाला ही भली मोठी चढण. इतकी वर्षं गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालायचे. आता तो मान त्यांच्या मुलाकडे, प्रकाशकडे आला होता. प्रकाश बोलताना अडखळतो, चारचौघांत तर जास्तच. काकांना त्याचाच घोर लागलेला.

"माका तेचा गाऱ्हाणा आयकाक व्हया रे," ते मला म्हणाले. "काय तरी कर."

मग काय, मी लगेच बाह्या सरसावल्या! देवळात कॅमेरा, चार वाड्यांत चार टीव्ही, गावात फायबर होतीच. मल्टिकास्ट करायचं ठरवलं – म्हणजे कॅमेऱ्यातून चित्र एकदाच निघतं आणि वाटेतले राउटर ते मागणाऱ्या टीव्हीपर्यंत पोचवतात. अट एकच. प्रत्येक राउटरवर मल्टिकास्टचा प्रोटोकॉल चालू केलेला हवा. ज्यावर राहिला, त्याच्यापुढे चित्र जातच नाही.

जत्रेच्या सकाळी तीन राउटर उरकले. चौथा काकांच्या वाडीतल्या शाळेत. धावतपळत पोचलो, तर काका खुर्चीत बसलेले आणि समोर टीव्हीवर देऊळ स्वच्छ दिसतंय. म्हटलं, हा आपण आदल्या दिवशीच केला असणार. बसलो त्यांच्याशेजारी.

प्रकाशने नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा..." म्हणाला आणि थांबला. काकांनी माझं मनगट असं आवळलं की काय सांगू! मग प्रकाश जो सुटला तो शेवटपर्यंत. गुरांढोरांचं, पोराबाळांचं, मुंबईकरांचं, सगळ्यांचं मागून झालं. दर वाक्याला देवळात "व्हय म्हाराजा!" व्हायचं आणि इथे शाळेत काकाही खुर्चीतून तेच म्हणायचे. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

नंतर सामान आवरताना सहज लॅपटॉप जोडला... आणि बघतच राहिलो. त्या राउटरवर मल्टिकास्ट चालू केलेलंच नव्हतं! आदल्या दिवशीच्या कमांड सेव्ह करायच्या राहिल्या आणि वीज गेल्यावर पुसल्या म्हणावं, तर राउटर आदल्या दिवसापासून एकदाही बंद पडला नव्हता. टीव्हीला दुसरी वायर नाही, इंटरनेट नाही. देवळातला कॅमेरा अजून चालू होता, म्हणून टीव्ही बंद करून पुन्हा लावला – काळा पडदा. कमांड दिल्या, तेव्हा कुठे चित्र आलं.

कणकवलीतल्या मित्रांना विचारलं, त्यांनी मलाच वेड्यात काढलं.

काकांना मात्र तेव्हाच, तिथल्या तिथे सांगितलं होतं. म्हटलं, काका, हे चित्र इथे येणं शक्यच नव्हतं.

"येता रे, चित्र काय, येता," काका डोळे पुसत हसले. "माझो झील मगे येकदाय अडाकलो नाय... तां कसा झाला, तां सांग माका."